अर्ध्या मिशीचे दोन खटले

४ मार्च
वकीलबाईंनी सांगितलंय, काका, घडलं ते ताजं असतानाच लिहून काढा. कोर्टात तारखा पडत जातात आणि माणूस आपलंच आपण विसरतो. म्हणून ही वही धरली आहे.

परवा रविवारी सकाळी दहाला आमचे व्याही, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, दाढीला आले. निवृत्त वजनमापे निरीक्षक. जन्मभर दुकानदारांच्या तराजूंकडे संशयाने बघितलेला माणूस, त्यामुळे आरशातही स्वतःकडे तसेच बघतात. मिशी मात्र मानली पाहिजे. दोन बोटं रुंद, टोकं वर. एका केसांच्या तेलवाल्याने जाहिरातीसाठी त्यांचा फोटो काढायचं ठरवलं होतं, सोमवारी. म्हणाले, फक्त दाढी करा, मिशीला हात लावू नका.

गरम टॉवेल ठेवला, साबण लावला. हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. डाव्या गालावरून वस्तरा वर येत असताना माझा हात सटकला आणि मिशीची डावी बाजू गेली. आधी टोक गेलं, मग मधला भाग, मग नाकाखालचं. मध्ये एकदा वस्तरा टॉवेलला पुसून घेतला. कुठेही खरचटलं नाही, रक्ताचा थेंब नाही.

व्याही आरशात पाहत राहिले. मग उरलेली अर्धी मिशी घेऊन तसेच चौकीत गेले. तिथे पुरावा म्हणून त्यांचा समोरून, डावीकडून आणि उजवीकडून फोटो काढला. फोटो निघाले, पण तेलवाल्याने नाही काढले.

झालं ते एवढंच.

६ मार्च
वकीलबाईंनी वरचं पान वाचलं. आधी चष्मा पुसला, मग पुन्हा वाचलं.

"काका, तीन टप्प्यांत सटकलेला हात मी वकिलीत पहिल्यांदाच बघतेय. आणि मध्ये वस्तरा पुसलात?"

"सवय आहे."

"ही वही यापुढे कोणाला दाखवू नका. मलासुद्धा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माझ्यावर दोन खटले आहेत. एक फौजदारी, बळजबरी आणि अपमान केल्याचा. त्यात सहा महिने आत जाऊ शकतो. दुसरा दिवाणी, मिशी गेली, तेलाची जाहिरात गेली आणि मनस्ताप झाला त्याची भरपाई म्हणून.

मी म्हणालो, "मिशी एकच, तीही अर्धी. तिला दोन खटले कसे?"

"फौजदारीत सरकार तुमच्याशी भांडतंय, की असं वागलात म्हणून शिक्षा भोगा. दिवाणीत व्याही भांडताहेत, की माझं नुकसान भरून द्या. एकातून सुटलात म्हणजे दुसऱ्यातूनही सुटलात असं नाही. फौजदारीत तुम्ही मुद्दाम केलंत हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध व्हावं लागतं. दिवाणीत तराजू त्यांच्याकडे जरासा झुकला तरी पुरतं."

तराजू आला म्हटल्यावर व्याह्यांपुढे आपण काय टिकणार.

आणखी एक अट घातली. निकाल लागेपर्यंत त्या घराशी बोलायचं नाही. मुलीशीसुद्धा नाही. ती उद्या साक्षीदार झाली तर म्हणतील, बापाने फितवली. घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने पिशवी उचलली. म्हणाली, वाचनालयात जाऊन येते.

१९ मार्च
धंदा दुप्पट झालाय. दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं एकतीस वर्षांत पहिल्यांदा हलवावी लागली. बँकेतला एकजण कानात म्हणाला, "आमच्या साहेबांना तुमच्याकडे पाठवू का? मिशी नाहीये, पण भुवया आहेत." मी प्रत्येकाला सांगतो, हात सटकला. प्रत्येकजण डोळा मारतो. लोकांची मनं किती काळी असतात.

बायकोला वाचनाचा नाद लागलाय. दर बुधवारी जाते, दोन तास बसते. अजून एकही पुस्तक घरी आणलं नाही. चांगली पुस्तकं तिथेच बसून वाचायची असतात म्हणते. आज येताना हातात भलताच डबा होता. म्हणाली, वाचनालयात बदलला.

आणि म्हणाली, पुढच्या तारखेला ते लोक कोपऱ्यावरच्याला साक्षीला बोलावणार आहेत. तुला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, वाचणाऱ्याला सगळं कळतं.

९ एप्रिल
आज फौजदारी, तळमजला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. फौजदारीला दोनच पायऱ्या आहेत, तेवढ्या चढलो.

खरोखरच कोपऱ्यावरचा आला. कोपऱ्यावर काचेच्या दाराचं सलून आहे त्याचं. माझी कात्री केस ओढते असं पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलाय. आज त्याला जाणकार म्हणून पिंजऱ्यात उभं केलं आणि अर्ध्या मिशीचा फोटो हातात दिला. त्याने तो उजेडात धरला.

"साहेब, ही कड बघा. बरोबर नाकाच्या मधोमध. पट्टी ठेवून आखल्यासारखी. खाली कातडीवर ओरखडा नाही, लाली नाही. सटकलेला हात अशी रेघ मारत नाही. या माणसाचा हात मी पंचवीस वर्षं बघतोय. झोपेत दाढी केली तरी चुकायचा नाही."

माझे डोळे भरून आले आणि तोंडभर हसू आलं. वकीलबाईंनी कोपराला चिमटा काढला.

"काका, हसू नका. तो तुम्हाला तुरुंगात घालतोय."

मग व्याही उभे राहिले. मिशी पूर्ण उतरवलेली, वर नुसते खुंट. वकीलबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुमच्यात भांडण झालं होतं?"

"नाही."

"मग काय बोलणं चाललं होतं?"

व्याह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे बसलेल्या विहीणबाईंकडे. "हवापाणी," म्हणाले.

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. आमच्या दोघांचं एकमत व्हायची लग्न ठरल्यापासूनची ही पहिलीच वेळ असावी.

२३ एप्रिल
आज आमची बाजू. वकीलबाईंनी निवृत्त पोस्टमनला आणलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे त्यांचा कान कापला गेला होता. एवढासा, मुंगी चावावी तेवढा. आणि तोही ते ऐनवेळी शिंकले म्हणून. पण शिंकेबद्दल त्यांना कोणी विचारलंच नाही.

मग वकीलबाई म्हणाल्या, आरोपीचं वय अठ्ठावन्न, डोळ्यांचा नंबर वाढलेला, हाताला कंप. कोर्टात मी बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून तोंड मिटून बसलो. मध्येच मला पाणी दिलं. ग्लास काठोकाठ भरलेला. तो का दिला हे मला कळलं होतं. सकाळीच सांगून ठेवलं होतं, काका, जरा हिंदकळू द्या.

उचलला, प्यायलो, खाली ठेवला. थेंब सांडला नाही. मी काय करू, हाताला येतच नाही ते.

वकीलबाईंनी कपाळ चोळलं.

घरी बायकोने विचारलं, "खरंच हवापाण्यावर बोलत होतात?"

"हो."

"बरं," म्हणाली.

३० एप्रिल
निर्दोष सुटलो.

न्यायाधीश म्हणाले, वैर नाही, भांडण नाही, हेतू दिसत नाही. आरोपीचा हात एके काळी कुशल असेलही, परंतु वयोमानाने तो सटकला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शंकेचा फायदा दिला.

एके काळी. असेलही.

बाहेर वकीलबाईंनी हात मिळवला. पोस्टमन म्हणाले, कानाचं मनावर घेऊ नका. मी सगळ्यांना धन्यवाद दिले. एकतीस वर्षांत माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता.

१४ मे
आजची गिऱ्हाइकं तीन. एकजण केस कापून होईपर्यंत दोन्ही कान धरून बसला. एक म्हणाला, फक्त मागचे कापा, पुढचे मी घरी बघतो. तिसरा गरम टॉवेल तोंडावर असतानाच उठला आणि टॉवेलसकट गेला.

गल्लीत मला 'सटकू' म्हणतात, हे आज कळलं.

कोपऱ्यावरच्याने दारावर पाटी लावलीय, 'येथे हात सटकत नाही.' कोर्टात शपथेवर माझी स्तुती करणारा हाच तो. विचारायला गेलो तर म्हणाला, "मी खरं सांगितलं होतं. तुमच्याच वकिलाने ते खोटं पाडलं. आता निकालाचा मान राखायला नको?"

२ जून
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

माझी मुलगी लिफ्ट दुरुस्त करायची. शाळेत असल्यापासून घरातलं प्रत्येक यंत्र उघडून बसायची. माझं केस कापायचं मशीन तिने सातवीत असताना खोललं होतं, जोडल्यावर आधीपेक्षा चांगलं चालायला लागलं. पहिल्या पगाराच्या दिवशी मला घेऊन गेली आणि तिने दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून नवव्या मजल्यावर नेऊन आणलं. मी वर जाईपर्यंत डोळे मिटले होते, हे तिला सांगितलेलं नाही.

त्या रविवारी व्याही साबणाच्या फेसाखालून म्हणाले, "तुमच्या मुलीला आणलं बरं का वळणावर. दोरांना लोंबकळणं बंद केलं, बसवली घरी. घोडं आणि सून, लगाम लावला की चालायला लागतात. तुमच्याने झालं नाही ते मी सहा महिन्यांत केलं."

ऐकून घेतलं. मग टोक, मधला भाग, नाकाखालचं. वस्तरा पुसला तो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. हात असा चालला होता, असा चालला होता की काय सांगू.

हे कोणालाच सांगता येत नाही. मुद्दाम केलं म्हणावं तर तुरुंग, सटकला म्हणावं तर सटकू. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, पण एकाच माणसाने दोन्हीत पडायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

१८ जून
दिवाणी कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती म्हणून जिना धरला. पहिल्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, आत काळोख, आणि त्या काळोखातून जाड बूट घातलेले दोन पाय वर आले. मागून पाना आला. मग गालावर ग्रीस लागलेली माझी मुलगी आली.

"बाबा, जपून. पायरी ओली आहे."

मी म्हणालो, "तू इथे कशी?"

"लिफ्ट बंद आहे म्हणून. तुम्ही कसे? अच्छा, तारीख."

"पण तू तर काम सोडलंस."

"मी? कोणी सांगितलं?"

काय सांगणार. वकीलबाई माझी बाही ओढत होत्या, बोलू नका, बोलू नका. मुलगी आमच्या दोघांकडे बघत राहिली, मग पुन्हा खाली उतरली.

वर जाऊन बाकावर बसलो. म्हणजे तो लगाम, ते वळण, सगळ्या बाताच होत्या. जे झालंच नव्हतं त्यासाठी मी एका माणसाची मिशी उतरवली. आणि ते झालं नाही म्हणून आनंद इतका झाला की तारीख कुठची पडली तेही ऐकलं नाही. वकीलबाईंना नंतर विचारून घेतली. पंचवीस.

२० जून
वकीलबाईंकडे जाऊन विचारलं, "समजा, एखादा माणूस फौजदारीतून निर्दोष सुटला, आणि मग दिवाणीत म्हणाला की मी मुद्दाम केलं, तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही खाली शपथेवर काहीच बोलला नाहीत. सरकार अपील करणार नाही असंही कळलंय. त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा खटला भरता येत नाही. पण दिवाणीत मात्र तो माणूस सरळ हरेल."

"तुरुंग नाही?"

"तुरुंग नाही. काका, असले प्रश्न निर्दोष माणसं विचारत नाहीत."

मी म्हटलं, समजा म्हणालो होतो.

२५ जून
बायको आज पहिल्यांदाच कोर्टात आली. जागा नव्हती म्हणून तिला नेमकं विहीणबाईंच्या शेजारी बसावं लागलं. मला कसंसंच झालं. इतक्या महिन्यांनी दोघींची गाठ पडली, पण बोलायला काही नसावं बिचाऱ्यांना. एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. सगळ्यात मागे मुलगी उभी होती, कामाच्या कपड्यांत.

व्याह्यांचे वकील मला म्हणाले, "खालच्या कोर्टाने मानलंय की तुमचा हात सटकला. म्हणजे तुम्ही निष्काळजीपणा केलात. मान्य आहे?"

वकीलबाईंनी पढवलं होतं, 'मान्य' म्हणा, मिशी परत उगवली आहे हे मी सांगते, थोडक्यात मिटेल.

"मान्य नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? हात सटकला नाही?"

"एकतीस वर्षांत एकदाही सटकलेला नाही. मी ती मिशी मुद्दाम उतरवली. तीन हातांत. पोस्टमनसुद्धा शिंकले होते, तेही लिहून घ्या."

वकीलबाईंनी फाइल हळूच मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, का? मग मी सांगितलं. घोडं, लगाम, सगळं, शब्दाला शब्द. सांगताना मागे बघायचं धाडस झालं नाही.

न्यायाधीशबाई व्याह्यांकडे वळल्या. "तुम्ही असं म्हणाला होता?"

"नक्की आठवत नाही."

"खाली तर शपथेवर सांगितलंत की हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या."

"त्या दिवशी हवाही होती," व्याही म्हणाले.

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. "मला आठवतंय. घोड्याचं वाक्य जुनं आहे त्यांचं. आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या वडिलांनाही तेच ऐकवलं होतं. फक्त माझे वडील हलवाई होते, त्यांच्या हातात वस्तरा नव्हता."

साक्षीला बोलावलेलं नसताना बोलायचं नाही, अशी त्यांना समज देण्यात आली. ती देताना न्यायाधीशबाईंनी तोंडापुढे कागद धरला होता.

२६ जून
मुलगी आली. मला वाटलं होतं, गळ्यात पडेल. बूटसुद्धा काढले नाहीत तिने.

"माझ्यासाठी केलंत?"

"हो."

"मला विचारलंत?"

मी तिच्या बुटांकडे पाहिलं.

"एक फोन करायचा होतात, बाबा. विचारायचं, काय गं, काम सोडलंस का? मी नाही म्हणाले असते, तुम्ही दाढी पुरी केली असतीत. त्यांनी घरी तो लगाम काढला होता, पहिल्याच महिन्यात. मी म्हटलं, आपण सहाव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट मी बघते, उद्यापासून बघणार नाही. त्यांचे गुडघे दुखतात. दुसऱ्या दिवशी स्वतः माझा डबा घेऊन दारात उभे होते. घरी हरले म्हणून तुमच्यापुढे जिंकायला आले होते. आणि तुम्ही हरलेल्या माणसाची मिशी काढलीत."

"मला वाटलं..."

"त्यांनाही वाटलंच होतं. एकाला वाटलं सुनेला वळण लावावं, एकाला वाटलं मुलीसाठी सूड घ्यावा. मला कोणी विचारलंच नाही. चार महिने मी दोन घरांच्या मध्ये अडकलेय आणि तुमचे दोघांचे चार वकील झाले."

"दोनच," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

तिने सांगितलं, मला माफी पाहिजे. लेखी. दोघांची, एकाच कागदावर. तोवर इकडे येणार नाही आणि तिकडची लिफ्टही बघणार नाही.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी दुसऱ्याच दिवशी सगळं कळवलं असतं."

"कसं? त्या घराशी बोलायला बंदी होती."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरंच की," म्हणाली आणि आत गेली.

९ जुलै
दिवाणीत हरलो. तेलवाल्याचं पत्र निघालं, त्याने फोटोच्या आधीच दुसऱ्या कोणाची तरी मिशी पसंत केली होती, त्यामुळे ते नुकसान धरलं नाही. मनस्तापाचं थोडंसं द्यायचं आहे. निकालात एक वाक्य आहे, 'प्रतिवादीने हे कृत्य पूर्ण कौशल्याने व हेतुपुरस्सर केले.' वकीलबाईंकडून त्या पानाची प्रत मागून घेतली. त्या म्हणाल्या, हरलेला निकाल चौकटीत घालणारे तुम्ही पहिलेच.

दुपारपर्यंत बाकावर सहाजण बसले होते. कोपऱ्यावरच्याने पाटी उतरवली.

१३ जुलै, रविवार
सकाळी व्याही आले. सहा मजले उतरून, कारण लिफ्ट काल दुपारपासून बंद आहे. बाकावर बसून आधी गुडघे चोळले. खुर्चीवर या म्हटलं नाही, तेही आले नाहीत. खिशातून कोरा कागद काढला. सरकारी नोकरीत जन्म गेलेला, समास आखून आणला होता.

"मसुदा मी सांगतो, अक्षर तुमचं," म्हणाले.

"सांगा."

"'चिरंजीव मुलीस किंवा सुनेस, जे लागू असेल ते.'"

"ते खोडू या. नुसतं मुलीस."

थोडा वेळ विचार करून हो म्हणाले. मग डोळे मिटून सांगू लागले, "'आम्हा दोघांकडून अनवधानाने तुझा जो अवमान झाला...'"

मी पेन थांबवलं. "अनवधानाने नको."

"का? पद्धत आहे तशी लिहायची."

"माझ्या हातून अनवधानाने काही होत नाही. निकालात आहे."

व्याह्यांनी डोळे उघडले. वरच्या ओठावर मिशी आता बोटभर आली होती, तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"तसं म्हटलं तर," ते म्हणाले, "माझ्या तोंडूनही नाही होत."

आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन तो शब्द स्वतः खोडला.